स्वस्तातली रेड डॉट साइट: अनुभव कोणाचा धरायचा?

प्रश्न असा आहे: .२२ रायफलीवर (०.२२ इंच व्यासाच्या गोळीची रायफल) लावायला परवडणाऱ्या किमतीतली रेड डॉट साइट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरू देणारं साधन, घेतली. घेण्याआधी वापरणाऱ्यांचे अनुभव वाचले, तर निम्मे म्हणतात ही महागड्या साइटच्या तोडीची आहे आणि निम्मे म्हणतात दोनशे गोळ्यांत झिरो (ठिपका आणि गोळी लागण्याची जागा यांचा बसवलेला मेळ) हलला, दिवाच गेला. आता स्वतःच्या साइटमधला ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा दिसतोय, आणि रेंजवर गेलं की दर वेळी झिरो थोडा सरकलेला वाटतो. साइट परत करावी की ठेवावी?

मी नेमबाजी शिकवतो आणि क्लबच्या रायफलींची देखभालही माझ्याकडेच आहे. त्यामुळे अशा बऱ्याच साइट्स मी बसवल्या, झिरो केल्या आणि काही उघडूनही पाहिल्या आहेत. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. स्वस्त साइटच्या बाबतीत "हे मॉडेल कसं आहे" यापेक्षा "माझ्या हातातला नग कसा आहे" हा प्रश्न मोठा असतो. महाग साइटमध्ये पैसे बऱ्याच अंशी तपासणीचे असतात. प्रत्येक नग कारखान्यात तपासला जातो आणि नापास झालेला बाहेर येत नाही. स्वस्त साइटमध्ये ही तपासणी कमी झालेली असते, म्हणून एकाच मॉडेलचे दोन नग वेगळे वागू शकतात. दोन्ही बाजूंचे लोक खरं लिहीत असतील. तपासणीचं उरलेलं काम आपल्यावर येतं, आणि ते माल परत करण्याच्या मुदतीत उरकायचं असतं.

आधी एक फरक लक्षात घ्या. "स्वस्त" या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे नावाजलेल्या कंपन्यांच्या खालच्या श्रेणीतल्या साइट्स, उदाहरणार्थ बुशनेलची टीआरएस-२५, सिग सॉअरची रोमिओ-५, होलोसनची ४०३ मालिका. या खऱ्या रायफलीचा धक्का सोसायला बनवलेल्या असतात. दुसरी म्हणजे एअरसॉफ्टच्या खेळण्यातल्या बंदुकांसाठी बनवलेल्या नकला. दिसायला त्या हुबेहूब महागड्या साइटसारख्या असतात, कधी तर नावही तेच कोरलेलं असतं, पण आतली काच, स्प्रिंग आणि सोल्डर रिकॉइलसाठी (गोळी सुटतानाच्या धक्क्यासाठी) केलेलं नसतं. "दोनशे गोळ्यांत गेली" म्हणणाऱ्या काहींच्या हातात ही दुसरी वस्तू असण्याची शक्यता मोठी आहे. तुमची त्यातली असेल तर पुढचं काही करत बसू नका, परत करा.

आता ठिपक्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त चांगल्या साइट्स याच कारणाने परत जातात.

रेड डॉटमध्ये लेझर नसतो आणि टार्गेटवर काही पडत नाही. आत मागच्या बाजूला एक छोटा एलईडी असतो. त्याचा प्रकाश पुढच्या वक्र काचेवर पडतो, तिथला लेप लाल रंग परत फिरवतो आणि बाकीचे रंग आरपार जाऊ देतो. परत आलेले किरण समांतर असतात, म्हणून डोळ्याला ठिपका दूरवर टार्गेटच्या जागी असल्यासारखा दिसतो. काचेतून बाहेरचं जग थोडं निळसर-हिरवट दिसतं ते याच लेपामुळे. परावर्तक साइटची ही कल्पना जुनी आहे. आयर्लंडच्या हॉवर्ड ग्रब यांनी तिचं पेटंट १९०० साली घेतलं. बॅटरीवर चालणारी पहिली रेड डॉट साइट स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५ मध्ये विक्रीला आणली.

ठिपका डोळ्यासमोर समांतर किरणांनी तयार होतो, म्हणून तो कसा दिसेल हे डोळ्यावरही तितकंच अवलंबून असतं. चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर असेल, म्हणजे अॅस्टिग्मॅटिझम असेल, तर गोल ठिपका स्वल्पविरामासारखा, धूमकेतूसारखा, द्राक्षाच्या घडासारखा किंवा दोन ठिपके चिकटल्यासारखा दिसतो. अनेकांना असा थोडा नंबर असतो आणि रोजच्या व्यवहारात तो जाणवतही नाही. गडद पार्श्वभूमीवर चमकणारा बारीक बिंदू पाहिला की उघडा पडतो.

दोष डोळ्यात आहे की साइटमध्ये, हे घरी पाच मिनिटांत कळतं. साइट रायफलीवरून काढून हातात घ्या, ठिपक्याकडे पाहा आणि साइट हळूहळू गोल फिरवा. स्वल्पविरामाची शेपटी साइटबरोबर फिरली तर दोष साइटमध्ये आहे. साइट फिरली आणि शेपटी त्याच दिशेला राहिली तर दोष डोळ्यात आहे. मग डोकं एका बाजूला कलवून पाहा, शेपटी डोक्याबरोबर कलेल. दुसरी खूण म्हणजे मोबाइलचा कॅमेरा साइटमागे धरून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर साइट निर्दोष आहे. मात्र ब्राइटनेस कमी करून फोटो काढा, नाहीतर कॅमेऱ्यातही ठिपका पसरतो. तिसरी खूण, जाड कागदाला टाचणीने छिद्र पाडून त्यातून साइटमध्ये पाहा. ठिपका एकदम आवळून गोल झाला तर प्रश्न डोळ्याचाच.

डोळ्याचा असेल तर साइट बदलून काही होणार नाही, महागडी घेतली तरी तोच स्वल्पविराम दिसेल. नवा नंबर काढून चष्मा लावून नेमबाजी करा. ब्राइटनेस खाली आणा. बहुतेक नवे नेमबाज ठिपका गरजेपेक्षा दुप्पट तेज ठेवतात आणि तो फुलून मोठा दिसतो. टार्गेटवर ठिपका जेमतेम दिसेल, कडा धारदार असेल, इतकाच ठेवायचा. रायफलीवर मागे पीप साइट (बारीक छिद्रातून पाहायची साइट) असेल तर तिच्या छिद्रातून ठिपका पाहा, टाचणीच्या छिद्राचंच काम ती करते. आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून नजर टार्गेटवर ठेवा. माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) पाहायची सवय असलेला नेमबाज नकळत ठिपक्याकडे टक लावून पाहतो, मग ठिपका आणखी विस्कटतो.

आता झिरो. इथे जरा सावकाश जाऊ, कारण "झिरो हलतो" या तक्रारीमागे साइट असतेच असं नाही. माझ्या अनुभवात आधी बाकीच्या गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिला प्रश्न: तुम्ही कशावरून म्हणता की झिरो हलला? तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांच्या पुंजक्यावरून? समजा तुमची रायफल आणि गोळी मिळून ५० मीटरवर तीन गोळ्यांचा ग्रुप साधारण ३ सेंटिमीटरचा देते. मग काहीही न हलता या ग्रुपचा मध्य पाऊण ते एक सेंटिमीटर इकडे-तिकडे जाणं अगदी नेहमीचं आहे. माणूस आज तीन गोळ्या मारतो, ग्रुप उजवीकडे दिसतो, साइटचा स्क्रू एक क्लिक (एक टप्पा) डावीकडे देतो. पुढच्या रविवारी ग्रुप डावीकडे दिसतो, एक क्लिक उजवीकडे देतो. साइट बिचारी जागेवरच असते, हा माणूस तिला हलवत असतो. झिरो तपासायला टेकणावरून दहा गोळ्या मारा, एकाच टार्गेटवर, मध्ये काहीही न बदलता. त्या दहांचा मध्य काढा. पुढच्या वेळी पुन्हा दहा. दोन मध्यांमध्ये खरा फरक दिसला तरच पुढे जा.

इथे एक हिशेब उपयोगी पडतो. एमओए म्हणजे कोनाचं एक मिनिट, अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर ते २.९ सेंटिमीटर होतं, ५० मीटरवर जवळपास १.४५. बऱ्याच स्वस्त साइट्सचा एक क्लिक एक एमओएचा असतो. म्हणजे ५० मीटरवर तुम्ही झिरो दीड सेंटिमीटरच्या टप्प्यांनीच हलवू शकता, आणि उत्तम झिरो केला तरी पाऊण सेंटिमीटरपर्यंतची चूक उरू शकते. ती बिघाड नाही. ठिपकासुद्धा ३ एमओएचा असेल तर ५० मीटरवर सव्वाचार सेंटिमीटरहून जास्त जागा झाकतो. त्याच्या मध्यावर नेम धरता येतो, पण बारीक वर्तुळावर एकसारखा धरणं अवघड आहे.

दुसरी गोष्ट माउंट, म्हणजे साइट रायफलीवर धरून ठेवणारा भाग. क्लबमध्ये एक मुलगा दोन महिने साइटला दोष देत होता. मी साइटला हात लावण्याआधी रायफल उचलून स्टॉक (खांद्याला लावायचा दस्ता) आणि नळी उलटसुलट दाबून पाहिली, तर स्टॉकचा स्क्रूच सैल होता. तो आवळला आणि ग्रुप जागेवर आला. त्याने तोवर दुसरी साइट मागवलीही होती. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: स्टॉकचे स्क्रू, मग रेल (माउंट बसवायची पट्टी) रायफलीला धरून ठेवणारे स्क्रू, मग माउंट रेलला आवळणारा स्क्रू, मग साइट माउंटला जोडणारे छोटे स्क्रू. शेवटचे छोटे स्क्रू लोक विसरतात, कारण साइट कारखान्यातूनच माउंटवर बसून आलेली असते. स्वस्त साइटमध्ये हेच स्क्रू सैल सापडतात. काढा, तेल पुसून कोरडे करा, निळ्या रंगाचं मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) एक थेंब लावा, सूचनापत्रकात दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा आणि रात्रभर सुकू द्या. मग स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय हे नजरेलाच कळतं.

रेलवर बसवताना एक बारकावा आहे. पिकॅटिनी रेलची आडवी खाच ५.२३ मिलिमीटर रुंद असते, जुन्या वीव्हर प्रकारची ४.५७. म्हणून वीव्हरचा माउंट पिकॅटिनीवर बसतो, पण खाचेत पुढे-मागे किंचित खेळतो. आवळण्याआधी माउंट नळीच्या तोंडाकडे पूर्ण ढकलून धरा. गोळी सुटताना रायफल मागे येते आणि साइट जडत्वाने जागेवर राहू पाहते, म्हणजे रायफलीच्या मानाने पुढे सरकते. आधीच पुढे टेकलेली असेल तर सरकायला जागाच उरत नाही. .२२ रायफली आणि एअर रायफलींवर बऱ्याचदा ११ मिलिमीटरचं डव्हटेल (तिरप्या कडांची लांब खोबणी) असतं, त्यात आडवी खाच नसते आणि सगळी पकड घर्षणावर असते. तिथे खोबणी तेलविरहित करून मगच आवळा.

तुमची रायफल .२२ आहे हे बरं आहे, धक्का सौम्य असतो. स्प्रिंग पिस्टनची एअर रायफल असती तर माझं उत्तर बदललं असतं. छर्ऱ्याची बंदूक म्हणून लोक तिला हलकी समजतात, पण तिचा धक्का दोन दिशांचा असतो: पिस्टन पुढे सुटताना बंदूक मागे येते आणि पिस्टन टोकाला आदळला की झटक्याने पुढे जाते. या दुहेरी झटक्याने साइट मागे, नेमबाजाकडे सरकत येते, आणि आतले भागही सैल होतात. अशाच एका बंदुकीवरची स्वस्त साइट मी उघडली होती. बाहेरून सगळं घट्ट होतं, आत एलईडी धरणारी पट्टीच हलत होती. त्या बंदुकीसाठी स्प्रिंग एअर रायफलवर चालेल असं स्पष्ट लिहिलेली साइटच घ्यावी.

माउंट घट्ट आहे, दहा गोळ्यांचा ग्रुप खरंच सरकतोय, तर मग साइटकडे वळा. रायफल रिकामी आहे हे चेंबर (गोळी बसायची जागा) उघडून पाहून, वाळूच्या पिशव्यांवर पक्की टेकवा. ठिपका २५-३० मीटरवरच्या एखाद्या खुणेवर आणा. आता रायफलीला स्पर्श न करता डोकं डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा, ठिपका काचेच्या कडेपर्यंत जाऊ द्या. खुणेवरून तो किती सरकतो ते पाहा. हे पॅरॅलॅक्स. जाहिरातीत "पॅरॅलॅक्स-मुक्त" लिहिलेलं असतं, पण ते सगळ्या अंतरांना लागू नसतं. नीट बनवलेल्या साइटमध्येही ठिपका काचेच्या कडेला असताना काचेच्या निम्म्या व्यासाइतका फरक पडू शकतो, २० मिलिमीटरची काच असेल तर सुमारे एक सेंटिमीटर. त्याहून खूप जास्त सरकत असेल, किंवा एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी सरकत असेल, तर काच वाईट आहे. फरक मर्यादेत असेल तर दर वेळी गाल स्टॉकवर त्याच जागी ठेवा आणि ठिपका काचेच्या मध्यावर ठेवून मारा. गालाची जागा बदलणं हे "रेंजवर गेलो की झिरो सरकलेला" याचं फार मोठं कारण आहे, विशेषतः साइट उंच आणि स्टॉक बुटका असेल तर.

नंतर क्लिक तपासा. एकाच नेमाने ५ गोळ्या मारा, मग १० क्लिक वर देऊन ५, १० उजवीकडे देऊन ५, १० खाली देऊन ५, आणि १० डावीकडे देऊन शेवटच्या ५. शेवटचा ग्रुप पहिल्यावर आला पाहिजे आणि चौकोनाच्या बाजू साधारण सारख्या असल्या पाहिजेत. इथे स्वस्त साइटची एक खोड माहीत असू द्या. आतली नळी स्प्रिंगने स्क्रूला टेकलेली असते आणि ती कधी कधी चिकटून बसते. तुम्ही दोन क्लिक देता, काही होत नाही, आणखी दोन देता, आणि पुढच्या गोळीच्या धक्क्याने चारही क्लिक एकदम लागू होतात. म्हणून प्रत्येक बदलानंतर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने साइटवर दोन हलक्या टिचक्या मारा, दोन गोळ्या टार्गेटबाहेर मातीत मारा आणि मगच मोजायला सुरुवात करा. इतकं करूनही चौकोन बंद होत नसेल तर तो नग परत करा.

बॅटरीच्या दाव्यांबद्दल थोडक्यात. ५०,००० तास म्हणजे साधारण पाच वर्षं आठ महिने. सीआर२०३२ सेलची क्षमता सव्वादोनशे मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते, त्यावरून हिशेब केला तर एलईडीला सरासरी चार-पाच मायक्रोअँपिअरच मिळतात. म्हणजे हा आकडा मंद ठिपक्यावरचा आहे, भर उन्हातल्या पूर्ण ब्राइटनेसवरचा नाही. तुमच्या साइटमध्ये आपोआप बंद होण्याची सोय नसून फिरवायची गुंडी असेल, तर बंद करायचं विसरणं हेच सेल संपण्याचं मुख्य कारण ठरतं. गोळी सुटताना ठिपका लुकलुकत असेल तर आधी सेलचा संपर्क बघा: झाकण पूर्ण आवळा, पत्री पुसा, दुसऱ्या प्रकारचा सेल घालून पाहा. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप दिलेला असतो आणि तो लेप काही उपकरणांत संपर्क अडवतो. त्या लेपामागचं कारण मात्र गंभीर आहे. गिळलेला नाण्याचा सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो, तेव्हा जुने-नवे सगळे सेल मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

झिरो कुठल्या अंतरावर करायचा हे तुम्ही काय करणार यावर आहे. .२२ च्या साध्या वेगाच्या गोळीने, साइट नळीच्या मध्यापासून ४ सेंटिमीटर वर असताना ५० मीटरवर झिरो केला, तर १० मीटरवर गोळी साधारण एक सेंटिमीटर खाली आणि २५ मीटरवर एक ते सव्वा सेंटिमीटर वर लागते. हे माहीत नसलं की माणूस एके दिवशी २५ मीटरवर, दुसऱ्या दिवशी ५० वर मारतो आणि झिरो हलला म्हणतो. गोळ्यांचा लॉट बदलला तरी .२२ चा ग्रुप जागा बदलतो, आणि नळी साफ केल्यानंतरच्या पहिल्या काही गोळ्याही भरकटतात. त्या मोजू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण सांगायला हवी. पुढे आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल स्पर्धा खेळायचा विचार असेल तर तिथे भिंगाची साइट चालत नाही, म्हणजे रेड डॉटही नाही. सराव मग पीप साइटवरच करा, नजरेला आणि गालाला वेगळी सवय लागू देऊ नका.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा की स्वल्पविराम डोळ्यातला आहे आणि झिरोचा घोळ तीन गोळ्यांच्या ग्रुपचा किंवा छोट्या स्क्रूंचा आहे. पण तो अंदाजच आहे, तुमची साइट मी पाहिलेली नाही. आज घरी फिरवून आणि मोबाइलने ठिपका तपासा, स्क्रू काढून पुन्हा बसवा. रेंजवर दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप वेगवेगळ्या दिवशी मारा, त्याच लॉटच्या गोळ्यांनी, त्याच अंतरावरून. परत करण्याची मुदत दोन आठवड्यांपेक्षा कमी उरली असेल तर दोन्ही ग्रुप एकाच दिवशी मारा, मात्र मध्ये साइट काढून पुन्हा त्याच खाचेत लावा. मग दोन्ही टार्गेटचे फोटो इथे टाका आणि सोबत अंतर, साइटची नळीपासूनची उंची आणि एका क्लिकचं माप लिहा. ते पाहून ठेवायची की परत करायची हे सांगतो.